वाचून समजावून दिले

पहिल्या पानावर तिसऱ्याच ओळीत शामराव अडखळला. ओळ इंग्रजीत होती, स्वच्छ टाइप केलेली, आणि तिच्यात त्याचं नाव होतं. शामराव बुधाजी तांबे आणि कौसल्या शामराव तांबे, दोघेही मुंबईचे, हिंदू इनहॅबिटंट्स, यापुढे ज्यांना खरेदीदार असे म्हटले आहे. आपलं नाव असं टाइपात उमटलेलं पाहून आधी त्याला बरं वाटलं. बापाचं नाव मधोमध ऐटीत बसलेलं पाहून तर आणखीच बरं वाटलं. मग डोळे त्या हिंदू शब्दावर गेले आणि तिथेच बसून राहिले. भाताच्या घासात दाताखाली खडा यावा, आणि चारचौघांत बसलोय म्हणून तो थुंकताही येऊ नये, तसं काहीसं झालं. समोर नवलकर सॉलिसिटर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत होते. "स्पेलिंग बरोबर आहेत ना?" त्यांनी विचारलं. शामराव हो म्हणाला. स्पेलिंग बरोबरच होती.

नवलकर म्हणजे ठाकुरद्वारचं जुनं पाठारे प्रभू घराणं. सत्तरीला टेकलेले, पण कॉलर अजून कडक. घर स्वतःचं, तळमजल्यावर ऑफिस, आणि बापाच्या वेळची टेबलं. "हा कच्चा मसुदा घेऊन जा, घरी नीट बघा," ते म्हणाले, "आणि शनिवारी मिसेसना घेऊन या. त्या सही मराठीत करणार ना? मग त्यांना सगळं मराठीत वाचून दाखवायला हवं. स्टँपपेपरवर उतरण्याआधी." शामरावने विचारलं, सगळं म्हणजे? "सगळं म्हणजे सगळं. अक्षरन् अक्षर. सीताराम वाचेल, मी समोर बसेन. खरेदीखताच्या शेवटी आम्ही लिहितो, वाचून समजावून दिले म्हणून. माझ्या वडिलांनी एकदा एका विधवेची सही अशीच घेतली, घाईत. सहा महिन्यांनी ती बाई विचारायला आली, की माझ्याकडे किती खोल्या उरल्या? एकही उरली नव्हती. तेव्हापासून या ऑफिसची पद्धत पडली. ज्याची सही, त्याच्या कानावरून सगळं गेलं पाहिजे." शामरावने मान डोलावली. मसुद्याची घडी करून ती कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि बाहेर पडताना दोनदा चाचपून पाहिली.

माणूस सॉलिसिटर निवडतो म्हणजे काय करतो? डॉक्टर निवडताना करतो तेच. चार जणांना विचारतो, दोन ठिकाणी जाऊन बघतो, आणि शेवटी मेव्हणा सांगेल त्याच्याकडे जातो. शामरावने कुणालाच विचारलं नव्हतं. भोईवाड्यातल्या गल्लीत सुंदराबाई कोळणीचं दोन खोल्यांचं कौलारू घर घ्यायचं ठरलं, आणि सगळ्यांना वाटलं की हा आता कोर्टासमोरच्या राजाराम मोहिते वकिलाकडे जाणार. राजाराम त्याच्याच चाळीतला, त्याच्याच वयाचा, एका दिव्याखाली अभ्यास केलेला. ते सोडून हा गिरगावात आला. का आला हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच तो त्याचा विचार करत नसे. इथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. पहिल्या दिवशी सीताराम कारकुनाने विचारलं, "तांबे म्हणजे कुठले तांबे?" शामराव म्हणाला, रत्नागिरीकडचे. "अरे वा, आमच्या व्याह्यांच्यात तांबे आहेत," सीताराम म्हणाला, आणि आतून चहा आला. सोनेरी काठाचा कप, खाली बशी. शामराव तो चहा प्याला. चांगला चहा होता, वेलदोडा घातलेला. तो एक अक्षर खोटं बोलला नव्हता. नुसता गप्प बसला होता. कप रिकामा झाल्यावर कुणी तो बाजूला विसळायला ठेवला नाही, बाकीच्या कपांबरोबर उचलून नेला, आणि ते बघताना त्याला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच नंतर लाज वाटली.

ठाकुरद्वारच्या नाक्यावर सभा भरायच्या बेतात होती. पोरं खांबावर चढून तारा ओढत होती, कुणीतरी कर्ण्यात फुंकून बघत होतं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे आता भिंतीभिंतीवर इतक्यांदा लिहून झालं होतं की अक्षरं एकमेकांवर चढली होती. शामरावनेही ते ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. परळला गोळीबार झाला त्या दिवशी तो कामावरून परत येताना एका दुकानाच्या फळीआड बसून राहिला होता, आणि घरी पोचल्यावर कौसल्येने त्याला काही न विचारता आधी पाणी दिलं होतं. मुंबई कुणाची? मोर्चात हे विचारताना त्याच्या छातीत भरून यायचं. गिरणीतला, गोदीतला, गिरगावातला, सगळे एका आवाजात, आणि त्या आवाजात तो कुठले तांबे हे कुणी विचारत नसे. मुंबईचा निकाल दिल्लीत लागायचा तेव्हा लागेल. भोईवाड्यातल्या दोन खोल्यांचा निकाल शनिवारी लागायचा होता. मुंबईचे रहिवासी. कागदावर असं लिहून मिळावं म्हणून माणसं मेली होती, आणि त्याला ते सहज मिळालं होतं. फक्त मधे एक शब्द होता.

तो शब्द काही नवलकरांनी मुद्दाम घातला नव्हता, हे त्याला कळत होतं. मुंबईची खतं अशीच लिहितात. पारशी इनहॅबिटंट, हिंदू इनहॅबिटंट, माणसाच्या मागे त्याचा धर्म लावायचा आणि पुढे जायचं. बोट ठेवायचं तर ते स्वतःवरच ठेवावं लागलं असतं. परळच्या रेल्वे वर्कशॉपात तो ट्रेसर होता. दुसऱ्यांनी काढलेल्या आकृत्या मेणकापडावर शाईने उतरवायच्या, रेघेला रेघ, हे त्याचं काम. तिथल्या त्याच्या सर्व्हिस बुकात धर्म हिंदू, जात महार, असं लिहिलेलं होतं. बाबासाहेब गेल्यानंतरच्या महिन्यात हेडक्लार्कने त्याला बोलावून विचारलं होतं, "तांबे, तुमच्या लोकांनी धर्म बदलला म्हणतात. काही कळवायचंय का?" शामराव म्हणाला होता, नंतर कळवतो. ते नंतर अजून आलं नव्हतं. यंदा ड्राफ्ट्समनची एक राखीव जागा निघायची होती आणि ती त्याचीच, असं सगळे म्हणत होते. बौद्ध झालेल्यांना राखीव जागा नाहीत, असंही सगळे म्हणत होते. घरासाठी फंडातून उचल घेतलेली, त्यामुळे खरेदीखताची नक्कल ऑफिसात द्यायची होती. ती हेडक्लार्कच्याच टेबलावर जाणार. म्हणजे शब्द बदलला तर बढती गेली, कदाचित कायमची, आणि नाही बदलला तर शनिवारी सीताराम कारकून तो शब्द कौसल्येच्या कानात घालणार. इतकं साधं होतं ते. साधं होतं म्हणूनच त्यातून पळायला वाट नव्हती.

कौसल्येचा आवाज त्याला आठवला. दादरच्या वाळूवर, त्या संध्याकाळी. बाबासाहेबांची चिता पेटायची होती आणि माणसं इतकी की समुद्र दिसत नव्हता. भिक्खू दीक्षेचं एकेक वाक्य सांगत होते आणि लोक रडत रडत मागून म्हणत होते. ती त्याच्या शेजारी उभी होती, शेजारणीची पांढरी साडी नेसून, आणि एरवी चाळीच्या गॅलरीत हळू बोलणारी ही बाई तिथे मोठ्याने, शब्द न चुकवता म्हणत होती. तोही म्हणाला. पण लाखांच्या आवाजात आपला आवाज मिसळणं सोपं असतं, तिथे म्हणणारा कोण ते कुणाला कळत नाही. नंतर घरी येऊन तिने फळीवरचे देव उतरवले. टाक, हळद लागलेली सुपारी, सासूबाईंचा मरीआईचा मुखवटा. फडक्यात बांधले आणि स्वतः जाऊन समुद्रात सोडून आली. आल्यावर तिने फळी पुसली. शामराव बघत होता. त्याला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, आता या घरात लपवायचं असं काही राहिलं नाही.

भोईवाड्याच्या वाटेवर त्याने खिशातून मसुदा काढून पुन्हा पाहिला. शेवटच्या पानावर घराच्या चारी बाजूंच्या सीमा होत्या. पूर्वेला गल्ली, पश्चिमेला अमक्याची भिंत, उत्तरेला सार्वजनिक नळ. त्याचा बाप बुधाजी गावाकडे असताना शिवेच्या भांडणात साक्षीला जायचा. दोन शेतकरी बांधावरून एकमेकांच्या उरावर बसले की गाव महाराला बोलवायचं. बुधाजी डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचा आणि तो चालेल ती हद्द. मामलेदारही ते मानायचा. अख्ख्या गावाची जमीन कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे त्याला तोंडपाठ होतं, आणि त्यातली वीतभर त्याची नव्हती. खोटं चालला तर वंश बुडतो, असं त्याला वाटायचं, म्हणून कुणी दारू पाजली, कुणी काठी दाखवली, तरी तो एक पाऊल इकडचं तिकडे टाकत नसे. शामराव लहानपणी एकदा त्याच्या मागून चालला होता. बापाच्या मानेवरून चिखलाचं पाणी ओघळत होतं आणि बाप ते पुसत नव्हता. आता बुधाजी असता तर या चारी सीमा त्याने पुन्हा पुन्हा वाचून घेतल्या असत्या. आणि वरची ती ओळ? त्या ओळीला तो काय म्हणाला असता हे शामरावला ठरवता आलं नाही.

राजाराम मोहित्याचं ऑफिस म्हणजे कोर्टासमोरच्या इमारतीतली जिन्याखालची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. "जयभीम, शाम्या!" तो उठून उभा राहिला. "ये, ये. घर घेतोयस म्हणे." शामरावने विचारलं, तुला कुणी सांगितलं? "आयला, भोईवाड्यात घर घेतोस आणि मला विचारतोस कुणी सांगितलं? सुंदराबाईनं पापलेट विकता विकता अख्ख्या बाजाराला सांगितलंय. आणि गिरगावचा सॉलिसिटर गाठलास? आम्ही काय मेलो होतो काय रे?" तो हसत होता, पण ते लागलेलं होतं, आणि शामरावला ते दिसलं. त्याने मसुदा पुढे केला. राजारामने पहिलं पान वाचलं, तिथेच थांबला. मग उठून त्याने दार लोटून घेतलं.

"राहू दे तसंच," तो म्हणाला. "यंदा तुझी जागा निघतेय ना? मग. नक्कल ऑफिसात जाणार, तिथं बसलेत सगळे टपून. गेल्या वर्षी आपल्या पोरांच्या स्कॉलरशिपा गेल्या, अर्ज मीच लिहिले होते. खरं लिहा म्हणालो, पोरांनी खरं लिहिलं. आता त्यातला एक गोदीत हमाली करतो. मला बघितलं की रस्ता बदलतो." शामराव म्हणाला, कागदाचं नाही रे एवढं. ते कौसल्येला वाचून दाखवणार आहेत. सगळं, मराठीत. राजारामला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला. "म्हातारा येडा आहे. कोण वाचून दाखवतो हल्ली? हे बघ, काम इकडं आण. नवलकरांची फी काय झाली असेल ती देऊन टाक. वहिनींना मी वाचून दाखवीन. तेवढा एक शब्द गिळून पुढं जाईन, त्यांना पत्ता पण लागणार नाही. त्या सही करतील, तू करशील, झालं घर. आपलं घर, शाम्या! त्या गल्लीत आपल्यातला पहिला तू." शामरावने विचारलं, तू काय केलं असतंस? राजारामने भिंतीवरच्या तसबिरीकडे बघितलं आणि मग टेबलाकडे. "मी नोकरीत नाही रे. मला परवडतं." एवढं बोलून त्याने शामरावच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात इतकी माया होती की शामरावच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस त्याच्यासाठी, त्याच्या सुखासाठी, स्वतःच्या तोंडाने खोटं वाचायला तयार होता. नवलकर कुणाहीसाठी तसं करणार नव्हते. घरचा वकील असावा म्हणतात ते यासाठीच, असं त्याला वाटलं, शनिवारी दहाच्या सुमारास येतो असं तो म्हणाला, आणि जवळजवळ ठरवूनच जिना उतरला.

घरी कौसल्या पाटीवर सही गिरवत होती. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती आणि घराच्या पैशात तिचाही वाटा होता, म्हणून खतात दोघांची नावं. चाळीतल्या संध्याकाळच्या वर्गात ती वर्षभर जात होती. क आणि स तिच्या हाताखाली आले होते, पण ल्या काही केल्या ओळीत बसत नव्हता, खाली घसरायचा. "हा मेला माझ्यासारखाच हट्टी आहे," ती म्हणाली आणि पुसून पुन्हा लिहायला लागली. बोटं सुताने चिरलेली होती. शामराव कॉटवर बसून बघत राहिला. तिने न बघताच विचारलं, "काय काय लिहिलंय हो त्यात?" तो म्हणाला, सगळं. घराच्या चारी बाजूंना काय आहे ते, नळाचं, भिंतीचं. "आणि आपलं?" आपली नावं. "बस?" बस, तो म्हणाला. गॅलरीतून कुणाच्या तरी भांडणाचा आवाज येत होता. ती म्हणाली, "आपल्या घराला आपलं दार असेल. लावलं की लागलं. भांडायचं तर आपलं आपण भांडू." आणि हसली. आत्ता सांगावं, त्याला वाटलं. आत्ता, ती हसतेय तोवर. पण सांगायचं म्हणजे काय? तू समुद्रात सोडून आलीस ते मी ऑफिसच्या कपाटात जपून ठेवलंय, असं? त्याने पाटी हातात घेतली आणि तिला ल्या काढून दाखवला. तिच्या हातावर हात ठेवून, तीनदा.

सुंदराबाईचंही त्याला आठवत होतं. घर दाखवताना तिने कोपऱ्यातला कोनाडा दाखवला होता. "आमचा गनपती हितं बसतं. तू पन हितंच बसव." ती शिवडीला लेकाकडे जायची होती आणि घराला नीट राहणारा माणूस मिळाला म्हणून खूश होती. शामराव म्हणाला होता, बघू की. त्या वेळी कौसल्या बरोबर नव्हती हे किती बरं झालं. असती तर तिने तिथेच सांगितलं असतं, आम्ही गणपती बसवत नाही. भांडून नव्हे, अगदी सहज, मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं. तिला सोपं कसं जातं? का तिलाही जड जातं आणि ती तरीही बोलते? इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याने तिला कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायचं म्हटलं तर सगळंच विचारावं लागलं असतं.

शनिवारी ती इस्त्रीची पांढरी साडी नेसली. केसांना तेल लावलं, कुंकू लावलं नाही, ते ती त्या दिवसापासूनच लावत नव्हती. नाक्यावर दोघं उभी राहिली. उजवीकडे भोईवाड्याची वाट, राजाराम तिथे दहा वाजल्यापासून त्यांची वाट बघत असणार. समोर गिरगावकडे जाणाऱ्या बसचा थांबा. "कुठं जायचंय?" तिने विचारलं. शामरावने उजवीकडे बघितलं आणि त्याला ती राजारामच्या खुर्चीत बसलेली दिसली. पाठ ताठ, हात मांडीवर, एकेक शब्द कान देऊन ऐकणारी. ऐकून झाल्यावर जीभ दाताखाली धरून सही करणारी. राजाराम एक शब्द गिळणार, आणि ती त्याला विश्वासाने मान डोलावणार. वर्षभर गिरवलेली पहिली सही ती त्या गिळलेल्या शब्दाखाली करणार. एवढं मात्र त्याला बघवलं नाही. बस आली. "चढ," तो म्हणाला. तरीही बसमध्ये तो काही बोलला नाही. ते काम त्याने एका परक्या कारकुनावर सोपवलं होतं, आणि हे त्याला कळत होतं. आपण धीट नाही, आपण फक्त दुसऱ्याच्या धीटपणाच्या वाटेत उभं राहायचं टाळलंय, असं त्याच्या मनात आलं. लालबाग मागे पडलं. ती खिडकीतून गिरण्या मोजल्यासारखी बघत होती.

नवलकरांनी कौसल्येला उठून नमस्कार केला. तिला समोरची खुर्ची दिली. चहा आला, तोच सोनेरी काठाचा. सीतारामने चष्मा पुसला आणि मसुदा डाव्या हातात धरून मराठीत वाचायला घेतला. कीर्तनकाराला शोभेल असा आवाज होता त्याचा. लिहून देणार सुंदराबाई, लिहून घेणार शामराव बुधाजी तांबे आणि कौसल्या शामराव तांबे, दोघेही मुंबईचे हिंदू रहिवासी...

"थांबा," कौसल्या म्हणाली. "ते चुकलंय."

सीताराम थांबला. नवलकरांनी मान वर केली. "काय चुकलंय, बाई?"

"आम्ही हिंदू नाही. बौद्ध आहोत. वर्ष होऊन गेलं."

सीतारामची नजर एकदा कपाकडे गेली आणि परत आली, त्याला स्वतःलाही ती गेल्याचं कळलं नसेल. नवलकर शामरावकडे वळले. "मिस्टर तांबे, मसुदा तुमच्याकडे होता," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तो नुसता प्रश्न होता. शामरावने मान खाली घातली. कौसल्येने त्याच्याकडे बघितलं. तो खाली बघत होता तरी ती बघतेय हे त्याला कळत होतं. ती बराच वेळ बघत राहिली, आणि त्या वेळात तिला सगळं कळलं असणार, सर्व्हिस बुक, हेडक्लार्क, ते नंतर, आणि पाटीवर काढून दिलेला ल्या. आता ती उठेल, असं त्याला वाटलं. उठली असती तर बरं झालं असतं.

"यांचं राहू द्या," ती नवलकरांना म्हणाली. "वेगवेगळं लिहिता येतं का?"

"येतं," नवलकर म्हणाले. "पहिले खरेदीदार हिंदू, दुसऱ्या बौद्ध. कायद्याची हरकत नाही." सीताराम पुटपुटला, साहेब, नवराबायको... "सीताराम, कायदा लोकांच्या संसारात डोकावत नाही. आपणही डोकावू नये."

"मग तसं लिहा," कौसल्या म्हणाली. "माझं तेवढं बौद्ध लिहा. यांची नोकरी आहे. तिथं यांना एकट्याला बसावं लागतं. मी नसते तिथं."

तिच्या आवाजात राग नव्हता. कामावरून यायला उशीर झाला की ती त्याचा भात झाकून ठेवायची, त्या वेळचा आवाज होता तो. आता सगळं झालं होतं. घर मिळत होतं, बढती मिळत होती, बायकोला तिचा शब्द मिळत होता, आणि खताला कायद्याची हरकत नव्हती. राजारामने वाट करून दिली होती, नवलकरांनी करून दिली, आणि आता तिने. इतकी माणसं आपल्याला वाचवायला उभी आहेत, आणि आपण जन्मभर असेच वाचत राहणार. मी नसते तिथं. ती नसते तिथे तो कोण असतो हे तिला आज कळलं, आणि तरी तिने त्याच्यावर पांघरूण घातलं होतं.

"दोघांचंही," तो म्हणाला. मग मान वर करून पुन्हा म्हणाला, "दोघांचंही लिहा."

"दोघांचंही काय?" नवलकरांनी विचारलं. त्यांनी पेनचं टोपण काढलं होतं. "तुम्हीच सांगायला हवं, मिस्टर तांबे. मी गृहीत धरलं म्हणूनच हे झालं. शिवाय हे सुंदराबाईंनाही वाचून दाखवावं लागेल. त्या कदाचित नाही म्हणतील. आणि एकदा रजिस्टर झालं की हे पुसता येत नाही."

शामरावला हेडक्लार्कचं टेबल दिसलं, त्यावर पडलेली नक्कल, तिच्यावर फिरणारं बोट. सुंदराबाईचा कोनाडा दिसला. भीती गेली नव्हती, उलट आता कुठे ती पुरती आली होती. वाळूवर आजूबाजूला लाखो माणसं होती. इथे तिघं होती, आणि त्यातली दोन परकी. एकट्याच्या आवाजात तो शब्द त्याने आजवर उच्चारलाच नव्हता.

"बौद्ध," तो म्हणाला. "दोघंही बौद्ध."

नवलकरांनी एक रेघ मारली आणि वर लिहिलं, सावकाश, मग समासात आपली सही केली. "पारशी लिहिले, मुसलमान लिहिले, ख्रिस्ती लिहिले," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "हे पहिल्यांदाच लिहितोय." कागद त्यांनी सीतारामकडे दिला. "पहिल्यापासून वाच."

सीतारामने घसा खाकरला. लिहून देणार सुंदराबाई. लिहून घेणार शामराव बुधाजी तांबे आणि कौसल्या शामराव तांबे, दोघेही मुंबईचे बौद्ध रहिवासी. तो पुढच्या ओळीकडे वळणार, तेवढ्यात कौसल्येने पदराने डोळे पुसले आणि पुढे झुकली.

"एवढं पुन्हा एकदा वाचा हो," ती म्हणाली.